दरवर्षी नवं लॉन, दरवर्षी तीच गत: नागपूरच्या काळ्या मातीत दुखणं कुठे शोधायचं

तक्रार घरोघरी जवळपास सारखीच असते. दिवाळीच्या आसपास लॉन लावलं, हिवाळाभर छान राहिलं. मार्चमध्ये कडा वाळायला लागल्या, मेअखेरच्या नवतप्यात निम्मं करपलं. मृगाच्या सरींनी पुन्हा फुटवे आले म्हणून घरच्यांना हायसं वाटलं, तर पोळ्यापर्यंत सगळं पिवळं. पाय ठेवला की पचपच पाणी वर येतं. गणपती उठेपर्यंत मधेमधे टक्कल पडतं आणि त्या जागी नागरमोथ्याचं तण डोकं काढतं. दसऱ्याला माळी सांगतो, "काढून नवीन टाकू."

मग युरिया होतो, बुरशीनाशक होतं, लाल मातीची ट्रॉली येते, गवताची जात बदलते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. जे दुखणं दरवर्षी त्याच महिन्यात आणि बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात उपटतं, त्याचं मूळ जमिनीच्या उतारात आणि निचऱ्यात असतं. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या नव्या ले-आऊटमध्ये तर दहातल्या आठ वेळा मी गवताकडे बघायच्या आधी कंपाउंडची भिंत आणि समोरचा रस्ता बघतो.

तरी आधी बाकीची कारणं बाजूला काढून घ्या. त्यात फार वेळ जात नाही.

पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून वर ओढा. मुळं तुटून ते अलगद हातात आलं आणि खाली पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी दिसली, तर ती हुमणी. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर अंधार पडताना जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. अळ्या ऑगस्टमध्ये दिसल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरं. जूनमध्ये सडलेल्या शेणखतात हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळून जमिनीत द्या. कोरड्या, तापलेल्या मातीत ती टिकत नाही, म्हणून ओल असतानाच.

नव्या पानांवर हिरव्या-पिवळ्या लांबट रेषा दिसत असतील आणि जुनी पानं ठीक असतील, तर लोह कमी पडतंय. आपल्या मातीत चुनखडी असते, सामू (pH) ८ च्या आसपास जातो, त्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारला तर आठवड्यात फरक दिसतो. पण हेही लक्षात ठेवा: पाणी साचलेल्या जमिनीत ही कमतरता जास्त भडकते. हिराकसाने रंग येतो, कारण तिथेच राहतं.

झाडाखाली दिवसभर सावली असेल तिथे गवताचा हट्टच सोडा.

आणि एक खास नागपुरी कारण. उन्हाळ्यात कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी "वाया कशाला घालवायचं" म्हणून रोज खिडकीखालच्या त्याच जागी ओतलं जातं. कुलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर टाकीच्या कडेला बसलेला पांढरा थर तुम्ही खरवडलाच असेल. ते खारट पाणी महिनोन् महिने एकाच ठिकाणी मुरलं की तिथे गवत टिकत नाही. खिडकीखाली टक्कल असेल तर आधी कुलरची बादली बघा.

यातलं काहीच नाही? मग सब्बल आणि फावडं काढा.

पाऊस दोन दिवस थांबलेला असताना पिवळ्या जागेतला वीतभर चौकोन फूटभर खोलीपर्यंत कापून बाहेर काढा आणि त्याची उभी बाजू नीट बघा. बेसाकडच्या एका घरी ऑगस्टमध्ये असाच चौकोन काढला होता. वर दोन बोटं लॉनच्या गादीसोबत आलेली चिकट माती, तिच्याखाली चार बोटं लाल माती, पिळली तर पाणी गळेल इतकी ओली. तिच्याखाली काळी माती, जिथे दोन्ही थर भेटतात तिथे राखाडी-निळसर झाक आणि सडक्या अंड्याचा वास. मुळं लाल मातीतच आडवी पसरलेली, काळ्या मातीला टेकलेली टोकं तपकिरी आणि मऊ. माळी बाजूला उभा राहून सांगत होता, "पाणी तं रोजच देऊन राहिलो ना सर." तो खरंच देत होता, ऑगस्टमध्येसुद्धा. पानं पिवळी दिसली की पाणी कमी पडलं असंच कुणालाही वाटणार. मुळांना हवा मिळत नसली तरी गवत तसंच दिसतं, हे वरून कळत नाही.

त्याच खड्ड्यात पुढची चाचणी होते. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पट्टी उभी करून तासाला पातळी किती उतरते ते मोजा. दोन-तीन इंच उतरली तर निचरा चांगला आहे आणि तुमचं दुखणं दुसरीकडे आहे. इंचाच्या आत असेल तर उत्तर मिळालं. काही प्लॉटमध्ये सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तसंच असतं.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर अवलंबून आहेत. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पहिल्या पावसाचं पाणी धो धो आत जातं आणि माती छान पाणी पितेय असं वाटतं. जुलैत भेगा मिटतात. त्यानंतर पाणी आत जायचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. नागपूरला वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लंडनचा वर्षाचा पाऊस ६०० च्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी कमी, पण तो बारा महिने थोडा थोडा पडतो. ज्या लॉनचे फोटो दाखवून आपण माळ्याला "अस्संच पाहिजे" म्हणतो, ते त्या हवेत वाढलेलं असतं.

हिशेब करून बघा. १,००० चौरस फुटांच्या बागेवर ५० मिलिमीटर पाऊस झाला की साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी पडतं. गच्चीचा पाइप बागेत सोडला असेल तर तेवढंच आणखी. हे पाणी खाली जिरणार नाही हे एकदा मान्य केलं की प्रश्न एवढाच उरतो, ते बाजूने कुठून बाहेर जाईल?

बहुतेक घरांत त्याला वाटच नसते. कंपाउंडची भिंत चारही बाजूंनी बंद. मूळ ले-आऊटमध्ये प्लॉटचं पाणी रस्त्याकडे जायचं, मग रस्ता सिमेंटचा झाला, फूटभर उंचावला आणि बाग खाली राहिली. वर घरमालकाने बागेची जमीन पाण्याच्या पातळीत एकसारखी करून घेतलेली असते. सपाट बाग नीटनेटकी दिसते हे खरं. पण सपाट काळी जमीन, भोवती भिंत आणि तीन महिने पाऊस, एवढं जुळून आलं की कुठलंही गवत जाणारच.

आता बाजारातले उपाय, जे दरवर्षी विकले जातात.

लाल माती. काळ्या मातीवर चार-सहा इंच लाल माती पसरून तिच्यावर लॉन अंथरतात. वरचा थर पाणी भराभर घेतो, खालचा घेत नाही, आणि मधल्या सांध्यावर पाणी अडतं. वर सांगितलेल्या चौकोनात तेच दिसत होतं. खालच्या काळ्या मातीला उतार दिलेला असेल तरच लाल मातीचा उपयोग, नाहीतर पैसे गेले.

रेती. कन्हानची रेती चांगली, पण ट्रॉलीभर रेती काळ्या मातीत कालवून ती भुसभुशीत होत नाही. रेतीचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर ते मिश्रण आणखी घट्ट होतं. फरक पडायला मातीपेक्षा रेती जास्त टाकावी लागते, मग ती जमीन बदलण्यासारखंच झालं. त्याच पैशात सडलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं कंपोस्ट घ्या. तीन इंचाचा थर वरच्या सात-आठ इंच मातीत मिसळा, तेही वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना. ओल्या काळ्या मातीत फावडं घातलं तर जे ढेकूळ तयार होतं ते वर्षभर फुटत नाही.

जिप्सम. दुकानदार छातीठोकपणे देतो. चोपण जमिनीत, म्हणजे जिथे मातीला सोडियम चिकटलेला असतो, तिथे जिप्समचं काम खरंच आहे. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात त्याचा उपयोग होतो. तुमच्या प्लॉटवर तशी स्थिती आहे का हे माती तपासल्याशिवाय कळत नाही. जिल्हा मृद परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अहवालात विनिमययोग्य सोडियमचा आकडा बघा. १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम, नाहीतर राहू द्या.

युरियाबद्दल एकच सांगणं आहे. पाणी साचलेल्या लॉनवर तो टाकू नका. चार दिवस हिरवं दिसतं, मग लुसलुशीत झालेल्या पानांवर बुरशी पडते आणि गोल तपकिरी चट्टे येतात.

म्हणजे करायचं काय? जमिनीला आकार द्यायचा. उद्यानरचनेची कला खरं तर इथेच सुरू होते, फुलझाडं फार नंतर येतात. इंग्लंडमधला लॅन्सलॉट ब्राऊन, ज्याला लोक केपेबिलिटी ब्राऊन म्हणत, त्याच्या बागा बघून वाटतं की निसर्गानेच टेकाड, कुरण आणि तळं अशी मांडणी करून ठेवली असावी. १७५१ मध्ये त्याने वूस्टरशरमधल्या क्रूमचं काम हाती घेतलं तेव्हा ती जागा दलदलीची होती. त्याने जमिनीखालून नाल्या काढल्या, पाणी एका कृत्रिम नदीत आणून सोडलं, आणि ती नदीच बागेची शोभा ठरली. बघणाऱ्याला वळणदार पाणी दिसतं, तिथलं गवत मात्र निचऱ्यावर जगतं. आपल्याकडे १,००० चौरस फुटांत नदी वाहवायची नाही, पण विचार तोच लागू पडतो. पाणी जिकडे जाणार आहे तो रस्ता बागेचा भाग करा.

प्रत्यक्षात ते असं होतं. गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी घ्या. घराच्या जोत्यापासून सुरुवात करून दर १० फुटांवर खुंट्या ठोका आणि बाहेर जायची जागा कुठे निघते ते बघा. लॉनला दर १० फुटांना दीड ते दोन इंच उतार द्या. एवढा उतार डोळ्यांना जाणवत नाही, खुर्च्या टाकल्या तरी डुगडुगत नाहीत. उतार नेहमी घरापासून दूर जाणारा हवा. काळी माती जोत्याशी ओली-कोरडी होत राहिली तर भिंतींना तडे जातात, ते दुखणं लॉनपेक्षा महाग आहे.

उताराच्या तळाशी, सहसा भिंतीपासून दोन-तीन फूट आत, एक उथळ, पसरट, वळणदार चर काढा. त्यात नदीतले गोटे अंथरा, कडेने कर्दळ किंवा वाळा लावा. दोघांनाही ओल चालते, वाळ्याची मुळं खोल जातात, आणि कुलरच्या खसाच्या ताट्या त्याच मुळांच्या असतात हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चर खोदून निघालेली माती फेकू नका. तिचाच कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा उंचवटा करा आणि झाडं त्यावर लावा. बाग लगेच मोठी दिसायला लागते, कारण नजर एका दमात भिंतीपर्यंत पोचत नाही.

चराचं पाणी शेवटी बाहेर काढायचं. भिंतीत मोरी ठेवून रस्त्याच्या कडेच्या पावसाळी नालीत सोडता आलं तर उत्तम. रस्ता उंच असेल तर शोषखड्डा, आणि इथे लोक हमखास फसतात. काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा काहीही शोषत नाही, तो पावसाळाभर भरलेला हौद असतो. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. कुठे तीन फुटांवर मुरूम लागतो, कुठे बारा फुटांवरही लागत नाही, म्हणून आधी एक खड्डा खणून बघितल्याशिवाय भाव ठरवू नका. सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या घरांना हा त्रास फारसा होत नाही, तिथे वर थोडी माती आणि खाली मुरूम. त्यांचा प्रश्न उलटा, पाणी टिकतच नाही.

जागा अगदी अडचणीची असेल आणि मधोमध पाणी साचत असेल तर जमिनीखालची नाली काढा. दीड फूट खोल चर, तळाला खडी, तिच्यावर छिद्रांचा पाइप, वर पुन्हा खडी, सगळ्याला बाहेरून जिओटेक्स्टाइलचं कापड. कापड वाचवू नका, काळी माती एका पावसाळ्यात खडी बुजवून टाकते. पाइपला १०० फुटांना एक फूट उतार पाहिजे आणि त्याचं तोंड उघड्यावर निघालं पाहिजे. तोंड नसलेल्या नाल्या मी पाहिल्या आहेत, बिल मात्र पूर्ण होतं.

लॉनसोबत कडेची झाडंही दर पावसाळ्यात मरत असतील, तर कारण तेच आहे. नर्सऱ्यांत येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा खणून, त्यात लाल माती-खत भरून हा गोळा ठेवला की खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी होते. भोवतालचं पाणी तिथेच येऊन थांबतं. काटोल-वरुडच्या संत्रा बागायतदारांना हे कधीचं ठाऊक आहे. खोडाशी पाणी राहिलं की डिंक्या रोग येतो, म्हणून ते दुहेरी आळं करतात, आतलं कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. बागेतही झाड जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर, उंचवट्यावर लावा, गोळ्याची बाजू चाकूने उभी चिरून घ्या आणि खड्ड्यात काढलेलीच माती कंपोस्ट घालून परत भरा.

आता मे महिन्याचं. पावसाळ्यात मुळं दोन इंचांवरच कुजली असतील तर उन्हाळ्यात लॉन जळणारच, म्हणजे हे निम्मं काम निचऱ्यानेच होतं. उरलेलं पाणी देण्याच्या पद्धतीत आहे. रोज संध्याकाळी पाइप हातात धरून दहा मिनिटं शिंपडलं की वरचा अर्धा इंच ओला होतो आणि मुळं तिथेच राहतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पहाटे, भरपूर द्या. मेमध्ये गवताला दिवसाला ६-७ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा, म्हणजे १,००० चौरस फुटांना साधारण ६०० लिटर. लॉनवर तीन-चार वाट्या ठेवा आणि स्प्रिंकलर चालवा. वाटीत २० मिलिमीटर भरायला किती वेळ लागला तो तुमचा आकडा. उतारावर पाणी वाहायला लागलं तर मधे अर्धा तास थांबून दुसरा हात द्या. भेगा पडू देऊ नका, भेग पडते तेव्हा मुळं तुटतात. पडल्याच तर चाळलेलं कंपोस्ट आणि बारीक माती झाडूने त्यात सारा. आणि मशीनची पाती वर करा. एप्रिल-मेमध्ये गवत दोन इंचांखाली कापायचं कारण नाही, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही.

एवढं पाणी नसेल तर लॉन लहान करा. माझं मत विचाराल तर नागपुरात घरापुढे जेवढ्यावर खरंच बसता तेवढंच लॉन असावं, बाकी मुरमाची वाट, उंचवटा, सावलीला करंज आणि एखादा बहावा. मेमध्ये गवत पिवळं पडतं तेव्हा बहावाही पिवळा असतो, फक्त त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. लग्नाची लॉन चालवणाऱ्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांच्याकडे मांडवाचे खांब आणि पाहुण्यांच्या पायांनी माती दबते, तिथे हंगाम संपल्यावर काटेरी रोलरने भोकं पाडून कंपोस्ट टाकणं एवढाच उपाय.

जातीचं विचाराल तर हरळी, म्हणजे आपली दूर्वा, या मातीत आणि उन्हात सर्वात चिवट. सिलेक्शन वन तिच्याच कुळातली. मेक्सिकन दिसायला देखणं, पण साचलेल्या पाण्यात आधी तेच जातं. नागरमोथा उपटून संपत नाही, जमिनीखालच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात आणि ओढला की त्या तुटून आतच राहतात. वाफशात खुरप्याने गाठीसकट काढत राहावं लागतं, पण निचरा सुधारला की त्याचा जोर आपोआप कमी होतो.

कामाचा क्रम आणि वेळही महत्त्वाची. मातीकाम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, वाफसा असताना करा. मेमध्ये ढेकळं दगडासारखी होतात, जुलैत सगळा चिखल. भर टाकलेली जमीन लगेच लॉनने झाकू नका, ती बसते आणि नवे खळगे तयार होतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बागेत उभं राहा आणि पाणी थांबेल तिथे खुंटी ठोका. उघडीप मिळाली की ते खळगे भरा आणि जुलैच्या उघडिपीत दूर्वेच्या काड्या टोचा. गाद्या अंथरण्यापेक्षा महिना-दीड महिना जास्त लागतो, पण मुळं सुरुवातीपासून तुमच्याच मातीत वाढतात.

काम ठेकेदाराला देत असाल तर कोटेशनमध्ये "लॉन, प्रति चौरस फूट" एवढंच मान्य करू नका. जोत्याची, लॉनच्या चारही कोपऱ्यांची आणि पाणी बाहेर जायच्या जागेची पातळी इंचांत लिहून घ्या, शोषखड्डा असेल तर "मुरूम लागेपर्यंत" हे शब्द घाला, आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचा असं ठरवा.